आईला संशोधनाबद्दल कुणी विचारलंच नाही

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. आई 74 वर्षांची, मूळची साताऱ्याची. मेमरी क्लिनिकने अल्झायमरचं निदान केलंय. तिथेच जाणाऱ्या शेजारच्या गोऱ्या आजोबांना संशोधनात भाग घ्याल का, असं विचारलं. आम्हाला नाही. आपणहून विचारलं तर चालेल का?

उत्तर : चालेल, आणि लगेच विचारा. गोऱ्यांखेरीज इतरांना संशोधनाकडे कमी पाठवलं जातं, हे ब्रिटन-अमेरिकेत वारंवार दिसलंय. सहसा नकार मिळत नाही, विचारणाच होत नाही. भाषा अडेल, घरचे नको म्हणतील, असं परस्पर धरून चालतात. हा अन्यायच आहे. अमेरिकेत वयस्कर कृष्णवर्णीयांमध्ये डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट. तरी अ‍ॅड्युकॅन्युमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांत ते एक टक्काही नव्हते.

दुसरी गळती गुणांत होते. 'मोका' या स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या चाचणीत सिंह, गेंडा आणि उंटाचं चित्र दाखवतात. आईने गेंडा बरोबर ओळखला, पण 'रायनॉसरस' शब्द आला नाही, की गुण गेला. एका मिनिटात 'एफ'ने सुरू होणारे निदान 11 इंग्रजी शब्द सांगायचे, तिथेही तेच. औषधांच्या चाचण्या बहुधा सौम्य अवस्थेतल्यांसाठी असतात. गुण असे इंग्रजीपायी घसरले, तर आई कागदोपत्रीच बाद होते. म्हणून तारीख घेतानाच मराठी दुभाषा मागा, हिंदीवर भागवू नका. तुम्ही स्वतः दुभाषे होऊ नका. आईचं अडलेलं वाक्य आपण नकळत पुरं करतो. 'रुडास' ही सिडनीत तयार झालेली 30 गुणांची चाचणी भाषेचा आणि शिक्षणाचा परिणाम कमी राहावा अशीच बेतलेली आहे. ती घेता येईल का, विचारा.

क्लिनिकच्या चिठ्ठीसाठी थांबायची गरज नाही. 'जॉइन डिमेन्शिया रिसर्च' या, इच्छुकांची डिमेन्शियाच्या अभ्यासांशी गाठ घालून देणाऱ्या 2015 पासूनच्या सेवेत आईच्या संमतीने तुम्हीच तिचं नाव नोंदवू शकता. नोंदणी म्हणजे होकार नव्हे. प्रत्येक अभ्यासाला वेगळं हो-नाही सांगता येतं. निदानाचं पत्र आणि डोससह औषधांची यादी जवळ ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर तेही सांगा, कारण अनेक अभ्यासांत एमआरआय लागतो.

खरं अडतं ते सोबतीपाशी. आईला नीट ओळखणारं, भेटींना येऊ शकणारं एक माणूस बहुतेक अभ्यासांना लागतं, आणि भेटी बऱ्याचदा कामाच्या दिवशीच असतात. पहिल्याच फोनवर विचारा : भेटी किती, घरी किंवा व्हिडिओवर होतील का, प्रवासखर्च मिळेल का? नोकरीमुळे जमणारच नसेल, तर प्रश्नावलीचे किंवा मुलाखतीचे अभ्यास शोधा. तेही तितकेच मोलाचे.