कमिट संदेशातला 'फिक्स' म्हणजे बग नव्हे: माझ्या वाया गेलेल्या वर्षाचा अनुभव

'ज्या प्रकल्पांत कॉमेंट आणि डॉक्युमेंटेशन भरपूर आहे, त्यांतच बग जास्त निघत आहेत. हे प्रबंधात असेच लिहावे का?' हा सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या कॉमेंट (कोडमध्येच लिहिलेल्या टिपा) आणि बग (कोडमधल्या चुका) यांबद्दलचा तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण काही वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत मी माझ्या मार्गदर्शकांना पत्र लिहिले होते. डेटा कसा उतरवावा, फोर्क कसे वगळावेत, कोणते रिग्रेशन वापरावे यांत मी शिरत नाही. ते तुम्हाला येते, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसते. माझे लक्ष तुम्ही एका ओळीत उरकलेल्या गोष्टीकडे गेले: 'बग-दुरुस्तीचे कमिट संदेशातील शब्दांवरून ओळखले.' कमिट म्हणजे कोडमधल्या एकेका बदलाची नोंद, आणि संदेश म्हणजे त्या बदलाबद्दल प्रोग्रॅमरने लिहिलेली ओळ. माझे वर्ष बुडाले ते याच ओळीत.

मीही संदेशात 'फिक्स', 'बग', 'एरर' किंवा 'इश्यू' दिसला की तो कमिट बग-दुरुस्तीचा मानला होता. स्क्रिप्ट एका दुपारी लिहून झाली, हजारो कमिटना लेबले लागली आणि ही पद्धत आधीच्या अनेक शोधनिबंधांत वापरलेली असल्यामुळे त्यांतला एकही कमिट उघडून पाहावा असे मला वाटले नाही. पुढे एका परीक्षकाने अभिप्रायात एवढेच विचारले की, यांपैकी कोणतेही दहा कमिट दाखवाल का? मी ते काढले. पहिल्यात इन्स्टॉलेशनच्या माहितीपत्रातले एक स्पेलिंग सुधारले होते. दुसऱ्यात 'प्रीफिक्स' नावाच्या व्हेरिएबलचे नाव बदलले होते, कारण माझी स्क्रिप्ट शब्दाच्या पोटातला 'फिक्स'सुद्धा पकडत होती. तिसऱ्यात एरर मेसेजचा मजकूर अधिक स्पष्ट केला होता, तर चौथ्यात कॉपीराइटचे वर्ष बदलले होते. दहांपैकी ज्यांना मी निःशंकपणे बग म्हणेन असे तीनच निघाले.

तरीही सुरुवातीला मी स्वतःची समजूत घातली की लेबले चुकलीच असतील तर ती सगळीकडे सारखीच चुकली असतील. चुका खरोखरच अशा विखुरलेल्या असत्या, तर दोन गोष्टींमधले नाते बहुधा फिके पडले असते, उलटे झाले नसते. पण जी टीम डॉक्युमेंटेशन जपते, तीच टीम कमिटचे संदेशही जपून लिहिते. माहितीपत्रातली तुटलेली लिंक जोडली तरी 'फिक्स' अशी नोंद करते. जिला लिहिण्याचा कंटाळा असतो, ती मोठा बग काढल्यावरही 'अपडेट' एवढेच लिहून मोकळी होते. म्हणजे माझी स्क्रिप्ट बग मोजतच नव्हती, तर लिहिण्याची सवय मोजत होती, आणि मी त्या सवयीचा संबंध त्याच सवयीशी लावून निष्कर्ष काढत होते. तुमच्याकडेही असेच झाले असावे असा माझा अंदाज आहे; तुमचा डेटा मी पाहिलेला नसल्यामुळे तो अंदाजच समजावा.

या चुकीत आपण एकटे नाही. हर्झिग, युस्ट आणि झेलर यांनी २०१३ मध्ये पाच प्रकल्पांतील सात हजारांहून अधिक इश्यू (तक्रारी आणि मागण्यांच्या नोंदी) हाताने वाचले, तेव्हा 'बग' म्हणून नोंदलेल्यांपैकी ३३.८ टक्के इश्यू मुळात बग नव्हतेच. २०१४ मध्ये गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या ७२९ प्रकल्पांचा अभ्यास करून प्रोग्रॅमिंग भाषा आणि कोडची गुणवत्ता यांचे नाते मांडणारा निबंध आला. २०१९ मध्ये बर्गर, विटेक आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा करून पाहिला, तेव्हा त्यातले बरेच निष्कर्ष टिकले नाहीत. टाइपस्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नावावर मोजलेल्या फाइलींत तर भाषांतराच्या मजकुराच्या फाइली निघाल्या, केवळ एक्स्टेन्शन (फाइलीच्या नावाचा शेवटचा भाग) सारखे होते म्हणून. टाइपस्क्रिप्ट जाहीर झाली २०१२ मध्ये आणि तिच्या नावावरचे कमिट त्याआधीचे होते, एवढे पाहिले असते तरी शंका आली असती.

म्हणून माझे मत, जे थोडे हटवादी आहे: कोणतेही नवे मॉडेल चालवण्याआधी तीन-चारशे कमिट हाताने वाचा. बग कशाला म्हणायचे याची व्याख्या आधी लिहून ठेवा, दोघांनी स्वतंत्रपणे लेबले लावा, कोहेनचा कप्पा (दोघांची लेबले किती जुळतात याचे माप) काढा आणि लेबल लावणाऱ्याला तो कमिट जास्त डॉक्युमेंटेशनवाल्या प्रकल्पातला आहे की कमी, हे कळू देऊ नका. नमुना दोन्ही गटांतून वेगवेगळा काढा. एकत्र काढलात तर वर सांगितलेला झुकाव दिसणारच नाही. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे नमुन्याचा नेमका आकार जाणकाराला विचारून ठरवा.

फाइलीचा आकारही धरा. मोठ्या फाइलीत कॉमेंटही जास्त आणि बगही जास्त. क्लासचा (कोडच्या एका घटकाचा) आकार लक्षात घेतला की कोडच्या इतर मापांचा बगशी दिसणारा संबंध कसा विरतो, हे एल इमाम आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्येच दाखवले आहे. आणि कॉमेंटचे प्रमाण म्हणजे डॉक्युमेंटेशनची गुणवत्ता हे समीकरण, स्पष्टच बोलायचे तर, सोडून द्यावे. माझ्या मोजणीत प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरचा लायसन्सचा मजकूर आणि कॉमेंट करून ठेवलेला जुना कोड, दोन्ही 'डॉक्युमेंटेशन' म्हणून जमा झाले होते. शिवाय फंक्शन बदलले आणि वरची कॉमेंट तशीच राहिली, तर ती कॉमेंट नसण्यापेक्षा वाईट. ओळी मोजून ते कसे कळणार? आगाजानी आणि सहकाऱ्यांच्या २०१९ च्या अभ्यासात डॉक्युमेंटेशनच्या तक्रारींचे १६२ प्रकार आहेत, त्यातले 'पुरेसे नाही' हे केवळ काही.

प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या मुलाखती घेण्याचा विचार असेल, तर संस्थेच्या नैतिकता समितीकडे आजच अर्ज करा. माझ्या वेळी त्या कार्यालयाने रक्ताचे नमुने कुठे साठवणार, हा रकाना रिकामा ठेवल्याबद्दल अर्ज परत पाठवला होता. संशोधन कमिट संदेशांवर आहे हे तीन वेळा लेखी कळवल्यावर 'लागू नाही' असे लिहिण्याची परवानगी मिळाली, आणि तोपर्यंत ज्यांनी वेळ दिला होता त्यांतले निम्मे लोक उत्तर देईनासे झाले होते. सगळ्याच समित्या अशा नसतात, हे मला मान्य आहे.

लेबल लावलेल्या प्रत्येक कमिटचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक), लेबल आणि निर्णयाचे एका ओळीतले कारण एकाच तक्त्यात ठेवा. तोंडी परीक्षेत मला सर्वाधिक प्रश्न त्याच तक्त्यावर आले. लेबले दुरुस्त केल्यावर माझ्या डेटातले ते उलटे नाते नाहीसे झाले, पण 'डॉक्युमेंटेशनमुळे बग कमी होतात' असेही काही सिद्ध झाले नाही, आणि प्रबंधात मी तसेच लिहिले. तुम्ही आधी दहा कमिट उघडा आणि काय निघते ते इथे कळवा. ज्यांच्या लेबलाबद्दल शंका वाटेल ते संदेशासह टाकलेत तर मी पाहीन.