फज थिजत का नाही, फुटतो का?

दूध, लोणी आणि मध न वापरता पीनट बटर फज, म्हणजे वड्या पाडून खायची मऊ मिठाई, करणाऱ्या वाचकांनी विचारलेले हे प्रश्न. उत्तरांत मोठा चमचा म्हणजे १५ मिली आणि छोटा चमचा म्हणजे ५ मिली धरला आहे.

प्रश्न : न शिजवता होणाऱ्या फजचे प्रमाण प्रत्येक जण वेगळे सांगतो. भरवशाचे असे एक प्रमाण द्याल का? आणि वाटीने मोजले तर चालेल का?

पीनट बटर २५० ग्रॅम, खाण्याचे खोबरेल तेल ७५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, बारीक मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स अर्धा छोटा चमचा. यात साधारण सव्वाचारशे ग्रॅम फज होतो. १५ सेंटीमीटरच्या चौकोनी डब्यात ओतला तर थर दीड-पावणेदोन सेंटीमीटर जाड बसतो आणि तीन-तीन सेंटीमीटरच्या २५ वड्या पडतात. एका वडीत सुमारे १०० कॅलरी असतात, म्हणून वड्या लहानच पाडाव्यात.

आधी डब्याला बटर पेपर लावा. पेपर दोन बाजूंनी वर येऊ द्या, नंतर तोच धरून फज उचलता येतो. जाड बुडाच्या भांड्यात तेल अगदी मंद आचेवर वितळवा आणि आच बंद करा. त्यात पीनट बटर घालून गुठळी राहणार नाही असे ढवळा. मिश्रण बोटाला कोमट लागले पाहिजे, गरम नाही. मग पिठीसाखर आणि मीठ एकत्र चाळून दोन-तीन वेळा घाला आणि व्हॅनिला सर्वांत शेवटी. डब्यात ओता, डबा ओट्यावर दोन-तीनदा आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतील. फ्रीजमध्ये दोन तास किंवा फ्रीझरमध्ये पाऊण तास ठेवा.

वाटीचे म्हणाल, तर पीनट बटर वाटीला चिकटते आणि दर वेळी वीस-तीस ग्रॅम तिथेच राहते. पिठीसाखर दाबून भरली की सैल भरली यावरही वजन बरेच बदलते. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तोच वापरा. भांडे काट्यावर ठेवून शून्य करा आणि सगळे त्याच भांड्यात मोजा. धुवायची भांडीही कमी होतात.

प्रश्न : पिठीसाखरेऐवजी मेपल सिरप घातले. ढवळता ढवळता मिश्रण कणकेसारखे घट्ट झाले आणि बाजूने तेल सुटले. ते फेकून द्यायचे का?

फेकू नका, सुधारता येते. पीनट बटर म्हणजे तेलात तरंगणारे शेंगदाण्याचे अतिशय बारीक, कोरडे कण. या कणांना पाणी हवेच असते. मेपल सिरपचा जवळपास एक तृतीयांश भाग पाणी असतो. ते पाणी आत गेले की कण त्याच्याभोवती गोळा होतात, एकमेकांना चिकटतात आणि तेल बाहेर ढकलले जाते. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले की ते आवळते, तोच हा प्रकार.

आता गंमत अशी की थोड्या पाण्याने जे बिघडते ते आणखी थोड्या पाण्याने सुधारते. कोमट पाणी किंवा सोया दूध एक छोटा चमचा घाला आणि जोराने फेटा. पुन्हा एक चमचा, पुन्हा फेटा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला मिश्रण एकदम गुळगुळीत होते आणि सुटलेले तेल आत शिरते. तिथेच थांबा. असा फज थोडा मऊ राहतो आणि लवकर खराब होतो. तो फ्रीजमध्येच ठेवा आणि आठवड्यात संपवा.

मेपलची चव हवीच असेल तर पुढच्या वेळी क्रम बदला. २५० ग्रॅम पीनट बटरला ६० मिली सिरप पुरे. सिरप आणि तेल दोन्ही कोमट करून आधी एकमेकांत फेटून घ्या आणि मग पीनट बटर घाला. फ्रीजमधले थंडगार सिरप ओतले की तेल जागेवरच थिजते आणि दुहेरी पंचाईत होते. तरीही खरे सांगायचे तर पोत पिठीसाखरेचाच चांगला येतो.

प्रश्न : फ्रीजमधून काढताना वड्या सुरेख असतात, पण ताटात ठेवल्यावर पंधरा मिनिटांत लोळागोळा होतात. तेल वाढवू का?

वाढवा, पण त्याने फार साध्य होणार नाही. या फजमध्ये पाक नाही, म्हणजे त्याला उभे ठेवायचे काम एकट्या थिजलेल्या तेलाचे आहे. खोबरेल तेल २४-२५ अंश सेल्सिअसला वितळते. शिवाय शेंगदाण्याचे निम्मे वजन तेलाचे असते आणि ते तेल फ्रीजमध्येही पुरते थिजत नाही. म्हणजे २५० ग्रॅम पीनट बटरमध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पातळ तेल आणि त्याला सांभाळायला ७५ ग्रॅम खोबरेल. खोलीतला पारा २५ च्या वर गेला की हे गणित कोलमडते. तेल १०० ग्रॅमपर्यंत नेले तर फ्रीजमध्ये वडी जास्त टणक होईल, पण खोलीत वितळायची ती वितळेलच. वर खाताना टाळूला तेलाचा थर जाणवेल तो वेगळा.

खोलीत टिकणारी वडी हवी असेल तर खोबरेल तेलाच्या जागी तेवढ्याच वजनाचे कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, घ्या. ते साधारण ३४ ते ३८ अंशांना वितळते. शेंगदाण्याच्या तेलामुळे प्रत्यक्षात वडी त्याआधीच नरमते, पण फरक स्पष्ट दिसतो. इथे एक चूक सर्रास होते. लोक ‘निम्मे खोबरेल, निम्मे कोको बटर’ घेतात. दोघांचे स्फटिक एकमेकांत नीट बसत नाहीत, त्यामुळे मिश्रण कोको बटरपेक्षा तर मऊ होतेच, कधी कधी नुसत्या खोबरेलाइतकेही घट्ट राहत नाही. एक काहीतरी निवडा.

पीनट बटरचाही फरक पडतो. वर तेलाचा तवंग न येणाऱ्या बरण्यांत घट्ट राहणारे वनस्पती तेल मिसळलेले असते. त्याचा फज जास्त टणक होतो आणि खोबरेल ६० ग्रॅमवर भागते. नुसत्या शेंगदाण्यांचे पीनट बटर असेल तर बरणी तळापासून ढवळल्याशिवाय मोजायला घेऊ नका. वरचे पातळ घेतले तर फज थिजणार नाही, तळाचे घट्ट घेतले तर भुगा होईल.

प्रश्न : दाताखाली साखर कचकच लागते. साखर विरघळेपर्यंत मिश्रण गरम करू का?

नको. साखर तेलात विरघळत नाही, तासभर गरम केले तरी नाही. गरम करून पीनट बटर मात्र करपेल. या कृतीत साखर मुळात जिभेला कळणार नाही इतकी बारीक असावी लागते. मिक्सरमध्ये केली असेल तर ती वस्त्रगाळ करा, किंवा निदान मैद्याच्या चाळणीने चाळून वरचा रवा पुन्हा फिरवा. मिठाचेही तसेच आहे. जाडे मीठ आत घातले तर खडा लागतो. ते आवडत असेल तर वरून भुरभुरवा.

कचकच साखरेची नसून पांढऱ्या ठिपक्यांची असेल, तर खोबरेल तेल फार सावकाश थिजले आहे. डबा ओट्यावर गार होऊ न देता लगेच फ्रीझरमध्ये ठेवला की हे ठिपके येत नाहीत.

प्रश्न : घरी केलेले पीनट बटर वापरता येईल का? आमचे नेहमी कोरडे होते.

येते, आणि ताज्या भाजलेल्या दाण्यांची चव बाटलीतल्याला येत नाही. कोरडे होते याचे कारण बहुतेक वेळा एकच असते, मिक्सर लवकर थांबवला जातो. २७० ग्रॅम दाणे १६० अंशांच्या ओव्हनमध्ये १५ ते २० मिनिटे भाजा, सोला आणि कोमट असतानाच फिरवा. आधी कूट होईल, मग कडेला चिकटणारा गोळा. बहुतेक लोक इथेच हार मानतात आणि पाणी घालतात. पाणी अजिबात नको. मिनिटभर फिरवा, मिक्सर दोन मिनिटे गार होऊ द्या, कडा खरवडा आणि पुन्हा फिरवा. काही फेऱ्यांनी गोळा सैल पडतो आणि चमच्यावरून ओघळू लागतो.

सुरकुतलेले, डागाळलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे आधीच निवडून टाका. बुरशीमुळे तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्ण नष्ट होत नाही. एखादा खवट दाणा तर अख्ख्या घाण्याची चव घालवतो.

प्रश्न : पाक करून, घोटून केलेला खरा फज दुधाशिवाय होतो का?

होतो, मात्र हा वेगळाच पदार्थ आहे. इथे तेलाऐवजी साखरेचे स्फटिक वडी धरून ठेवतात, म्हणून तो खोलीत वितळत नाही. बदल्यात थर्मामीटर आणि संयम दोन्ही लागतात.

साखर ४०० ग्रॅम, नारळाचे दाट दूध २०० मिली, ग्लुकोज सिरप एक मोठा चमचा आणि मीठ पाव छोटा चमचा तीन लिटरच्या जाड भांड्यात घ्या. भांडे मोठे वाटेल, पण उकळताना फेस वर येतो. साखर विरघळेपर्यंत ढवळा. उकळी फुटली की दोन मिनिटे झाकण ठेवा, म्हणजे कडेला चिकटलेले साखरेचे कण वाफेने धुऊन जातील. मग झाकण काढून मध्यम आचेवर ११४ अंशांपर्यंत जाऊ द्या. तळ धरतोय असे वाटले तर हलक्या हाताने एक-दोनदा ढवळा, एरवी हात लावू नका. थर्मामीटर नसेल तर थंड पाण्यात पाकाचा थेंब टाका. त्याची बोटांत चेपणारी मऊ गोळी व्हायला हवी.

भांडे उतरवा. १५० ग्रॅम पीनट बटर वर नुसते ठेवा, ढवळू नका. मिश्रण ५० अंशांच्या खाली आले, म्हणजे भांड्याचा तळ हाताला सोसेल इतका झाला, की लाकडी चमच्याने घोटायला लागा. पाच ते दहा मिनिटांत चकाकी जाते आणि चमचा जड लागतो. त्या क्षणी डब्यात ओता. अर्धा मिनिट उशीर झाला तर फज भांड्यातच बसतो.

गार होईपर्यंत थांबायचे कशासाठी? गरम पाक ढवळला की थोडेच स्फटिक तयार होतात आणि ते मोठे वाढतात. फज वाळूसारखा होतो. गार पाक घोटला की एकदम असंख्य बारीक स्फटिक होतात आणि जिभेला लोण्यासारखे लागते. ग्लुकोज सिरप त्यांना मोठे होऊ देत नाही. लिंबूरसानेही ते काम होते, पण त्याने काही वनस्पतिजन्य दुधे फुटतात, म्हणून इथे नको.

फज थिजला नाही तर पाक ११४ पर्यंत पोचला नव्हता. रवाळ किंवा दगडासारखा झाला तर चार मोठे चमचे पाणी घालून मंद आचेवर विरघळवा आणि पुन्हा ११४ वर आणा. या वेळी मात्र सतत ढवळा, कारण पीनट बटर आत असल्याने तळ पटकन लागतो. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्या. तो १०० ऐवजी ९७ दाखवत असेल तर पाक १११ वर उतरवा. उंच ठिकाणी पाणी कमी तापमानाला उकळते, तो फरकही या एका तपासणीत निघतो.

प्रश्न : पीनट बटर मुळातच व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेले, असते ना? मग वेष्टन वाचायची गरज काय?

साधे बहुतेक वेळा असते. चव लावलेल्या प्रकारांत मध किंवा दुधाची पावडर सापडते. फजवर लावायच्या काळ्या चॉकलेटमध्येही पुष्कळदा दुधाची पावडर किंवा बटर असते. ‘डार्क’ लिहिले म्हणजे दूध नाही, असे नव्हे. ऊस शुद्ध करताना काही कारखाने हाडांचा कोळसा वापरतात. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी सेंद्रिय किंवा व्हीगन असा उल्लेख असलेली साखर घ्यावी.

प्रश्न : वर चॉकलेटचा थर दिला की कापताना तडकतो आणि सुटून येतो.

१०० ग्रॅम चॉकलेटमध्ये दोन छोटे चमचे खोबरेल घाला. वर खोबरेल आणि कोको बटरचे मिश्रण मऊ होते म्हणून तक्रार केली; चॉकलेटमध्येही कोको बटरच असते, आणि इथे तोच दोष उपयोगी पडतो. फज अर्धवट थिजला असताना, साधारण अर्ध्या तासाने, चॉकलेट ओता. पूर्ण गार, तेलकट पृष्ठभागाला ते धरत नाही. थर मऊ असतानाच सुरीने वड्यांच्या रेषा आखून ठेवा. शेवटी कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडी पुसा आणि सरळ खाली दाबा. पुढे-मागे ओढू नका.

प्रश्न : घरात एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. बदामाचे बटर चालेल?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला आहे, बदाम नाही, तरी काहींना दोन्हींची ॲलर्जी असते. त्यांनी परवानगी दिली तर सूर्यफुलाच्या बियांचे बटर याच प्रमाणात घ्या आणि साखर २० ग्रॅम वाढवा, कारण त्याला किंचित कडवटपणा असतो. तिळाचे बटर जास्त पातळ असते, त्याला खोबरेल ९० ग्रॅम लागेल. मिक्सर, चमचे आणि डबा आधी शेंगदाण्याला वापरलेले असतील तर ते न वापरलेलेच बरे.

प्रश्न : किती दिवस टिकतो?

पिठीसाखरेचा फज फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात दोन आठवडे, फ्रीझरमध्ये तीन महिने. शिजवलेला खोलीत पाच-सहा दिवस. वड्यांच्या थरांमध्ये बटर पेपर घाला. कांदा-लसणाच्या शेजारी उघडा ठेवू नका, तेल वास ओढून घेते. फ्रीझरमधला डबा बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. दहा मिनिटे तसाच राहू द्या, नाहीतर वड्यांवर दव धरते आणि वरची साखर चिकट होते.