दुसऱ्या फॉर्मवर नोंदवलेली पेटी पहिल्या फॉर्मच्या यादीत का दिसत नाही?

सी शार्प भाषेतल्या विंडोज फॉर्म्समध्ये (खिडक्यांचे प्रोग्राम बनवायची सोय; फॉर्म म्हणजे एक खिडकी) देवगडच्या आंब्याच्या बागेचा हिशेब करताय, ‘जतन’ दाबल्यावर एरर येत नाही आणि यादी मात्र रिकामीच. म्हणजे नोंदणीच्या फॉर्ममध्ये तुम्ही ‘न्यू’ लिहून मुख्य फॉर्म पुन्हा बनवलाय, जवळजवळ नक्की. खात्री हवी तर त्याच्या पुढच्या ओळीत त्या नव्या फॉर्मवर ‘शो’ मेथड बोलवा. दुसरी खिडकी उघडेल आणि हरवलेली पेटी तिच्यात बसलेली दिसेल!

क्लास म्हणजे होडीचा आराखडा, ऑब्जेक्ट म्हणजे होडी. आराखडा एकच असला तरी मासळी एका होडीत भरून दुसरीत शोधली तर कशी मिळणार?

काही जण यादी सरळ ‘स्टॅटिक’, म्हणजे सगळ्या ऑब्जेक्टांना मिळून एकच, करून टाकतात. चालतं, पण पुढे गुंता होतो. मी नाही करणार. त्यापेक्षा मुख्य फॉर्मवरून नोंदणीचा फॉर्म ‘शोडायलॉग’ने उघडा, म्हणजे तो बंद होईपर्यंत मुख्य फॉर्म थांबून राहतो. नोंदणीच्या फॉर्मला ‘नवीपेटी’ नावाची प्रॉपर्टी (बाहेरून वाचता येणारी माहिती) द्या, ‘जतन’वर ती भरा आणि त्याच फॉर्मच्या ‘डायलॉगरिझल्ट’ला, म्हणजे खिडकीच्या उत्तराला, ‘ओके’ द्या. खिडकी आपोआप बंद होते. मुख्य फॉर्मने उत्तर ‘ओके’ आहे का बघायचं, प्रॉपर्टी वाचायची आणि स्वतःच्या यादीत स्वतः भर घालायची. नोंदणीच्या फॉर्मला मुख्य फॉर्मचं नावही माहीत असायची गरज नाही.

आणि हो, ५ आणि ४ डझन मिळून ५४ होत असतील तर टेक्स्टबॉक्सचा मजकूर तसाच जोडला जातोय. आधी ‘इंट.ट्रायपार्स’ने आकडा करून घ्या.