आधी कोणता चित्रपट करावा?

प्रश्न : मला दिग्दर्शक व्हायचे आहे. आयुष्यात करायच्या बारा चित्रपटांची यादी मी वहीत लिहून ठेवली असून तिच्यात सर्वांत वर एक भव्य ऐतिहासिक युद्धपट आहे. सुरुवात त्यानेच करावी का?

उत्तर : यादी जपून ठेवा, सुरुवात मात्र युद्धपटाने करू नका. स्टॅन्ली कुब्रिक यांच्यासारख्या नामवंत दिग्दर्शकाने नेपोलियनवरील चित्रपटासाठी अफाट संशोधन केले, पटकथाही लिहिली, तरी खर्चाच्या धास्तीने निर्मितीसंस्थांनी माघार घेतल्यामुळे तो कधीच चित्रित झाला नाही. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘रान’ हा ऐतिहासिक युद्धपट १९८५ साली प्रदर्शित झाला, तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. पैसा उभा राहत नव्हता त्या काळात ते त्यातील दृश्यांची चित्रे रंगवत होते. (तुमची चित्रकला कशी आहे, हे तुम्ही कळवलेले नाही.) लेखनापासून प्रदर्शनापर्यंत एका चित्रपटाला दोन-तीन वर्षे सहज लागतात, त्यामुळे बारा हा आकडा जरा धाडसीच आहे. दोन-तीन पात्रांत आणि एकाच घरात घडू शकेल अशी कथा यादीत असेल, तर ती आधी निवडा आणि तिचाही प्रथम दहा मिनिटांचा लघुपट करून पाहा. युद्धपटाची टिपणे त्याच वहीत वाढत राहू द्यावीत.