जीभ वळत नाही म्हणून आई-बाबा बदलत नाहीत

शाळा-कॉलेजांत आनुवंशिकतेचा धडा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच पालटतो. मुलं घरातल्यांच्या कानाच्या पाळ्या तपासू लागतात, आजोबांचं टक्कल न्याहाळतात आणि हिशेब जुळला नाही की मला पत्र लिहितात. त्यातली काही पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं मुद्दामच छापलेली नाहीत.

माझी जीभ दोन्ही कडांनी वळून नळीसारखी होते. आई-बाबांपैकी कुणालाच ते जमत नाही. पुस्तकात हा प्रभावी गुण म्हणून दिलाय, म्हणजे आई-बाबांपैकी एकात तरी तो दिसायला हवा. मग माझ्यात तो आला कुठून? वर्गात सगळे हसले. (इयत्ता दहावी)

हसणाऱ्यांना आधी हे उत्तर वाचून दाखव. ही गोष्ट १९४० सालची. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा काही साधासुधा माणूस नव्हता. गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमाने बसली आहेत, याचा जगातला पहिला नकाशा त्याने विद्यार्थी असतानाच काढला होता. तो १९१३ साली छापून आला. जीभ वळवता येणं हा एकाच जनुकाचा प्रभावी गुण असावा, असं त्याने सुचवलं. पुढे १९५२ साली फिलिप मॅटलॉकने एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांतल्या ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुकं तीच आणि जीभ वेगळी, म्हटल्यावर एका जनुकाची गोष्ट तिथेच निकालात निघाली. हे उदाहरण अजूनही पक्कं म्हणून छापलं जातं याचा आपल्याला संकोच वाटतो, असं स्टर्टेव्हंटने स्वतः १९६५ साली लिहिलं. पुस्तकांनी मात्र ते सोडलं नाही. का, तेही मला कळतं: ना सूक्ष्मदर्शक लागत, ना रसायनं. जीभ बाहेर काढली की झालं प्रात्यक्षिक.

कानाच्या पाळीचंही तेच. पुस्तकात ‘सुटी’ आणि ‘चिकटलेली’ असे दोनच कप्पे. वर्गातले कान नीट बघ, बऱ्याच जणांना कुठल्या कप्प्यात घालावं तेच ठरणार नाही. २०१७ सालच्या एका मोठ्या अभ्यासात पाळीच्या ठेवणीशी संबंधित ४९ जनुकस्थानं सापडली. तेव्हा जीभ आणि कान यांच्यावरून आई-बाबांची झडती घेणं बंद कर.

गोल वाटाणा प्रभावी, सुरकुतलेला अप्रभावी, हे पाठ आहे. पण गोलपणाचं जनुक सुरकुत्यांचं जनुक दाबतं म्हणजे नेमकं काय करतं? सरांनी “परीक्षेत येत नाही” असं सांगितलं. (इयत्ता अकरावी)

परीक्षेत येत नाही म्हणून तर इथे विचारलंस ते बरं झालं. दाबत बिबत काही नाही. आनुवंशिकतेचे नियम मांडणाऱ्या मेंडेलने गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या संकरातून आलेल्या झाडांच्या ७,३२४ बिया मोजल्या. ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेल्या. २.९६ ला १. आकडे चोख होते, पण बीच्या आत काय घडतं हे कळायला १९९० साल उजाडावं लागलं.

बी भरत असताना तिच्यात साखरेचं स्टार्च होत असतं. स्टार्चच्या साखळीला फांद्या फोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं. गोल वाटाण्यात ते बनवणारं जनुक धड आहे. सुरकुतलेल्यात त्याच जनुकात साधारण ८०० अक्षरांचा डीएनएचा एक आगंतुक तुकडा येऊन बसलाय, त्यामुळे विकर कामाचं राहत नाही. स्टार्च कमी होतं, साखर तशीच पडून राहते. साखर जास्त म्हणून बी पाणी जास्त ओढते आणि हिरवी असताना टम्म फुगते. पुढे वाळताना सगळं पाणी निघून जातं, आतला ऐवज आक्रसतो, ताणलेलं साल सैल पडतं आणि त्याला चुण्या पडतात. म्हणजे सुरकुत्यांचं वेगळं जनुक नाहीच, ती गोलपणाच्याच जनुकाची मोडकी प्रत आहे. संकर बीमध्ये दोन पालकांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक धड, एक मोडकी. एका धड प्रतीतून निघणारं विकर बी गोल राहण्यापुरतं पुरतं, आणि आपण म्हणतो ‘प्रभावी’.

गंमत पुढे आहे. वाळलेला वाटाणा कापून आतली पूड काचपट्टीवर घ्यायची, पाण्याचा थेंब, पातळ आयोडीनचा थेंब, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शुद्ध गोल वाटाण्यातले स्टार्चचे कण मोठे, लांबट, अखंड दिसतात. सुरकुतलेल्यातले लहान, भेगाळलेले, तुकडे जोडल्यासारखे. आणि संकर वाटाण्यातले? दोन्हींच्या मधले. बाहेरून बी पाहिली तर पूर्ण प्रभाविता, कण पाहिले तर अपूर्ण. जनुक तेच, बी तीच. हे मी वर्षानुवर्षं मुलांना दाखवत आलोय आणि भिंगातून डोळा काढल्यावर “मग वहीत काय लिहू?” असा प्रश्न हटकून येतो. काय बघितलं ते लिही, असं मी सांगतो. ते कुणाला फारसं आवडत नाही.

प्रभावी गुण ३:१ ने जास्त दिसतो. मग काही पिढ्यांनी जगात फक्त प्रभावी गुणच उरायला हवेत ना? (बी.एस्सी. प्रथम वर्ष)

अगदी हाच आक्षेप १९०८ साली घेतला गेला होता, आखूड बोटांच्या बाबतीत: हा गुण प्रभावी, मग चारांतल्या तिघांची बोटं आखूड का नाहीत? रेजिनाल्ड पनेटने, म्हणजे पालकांच्या प्रती जुळवून बघायच्या चौकटी तुम्ही ज्याच्या भरता त्यानेच, तो प्रश्न आपला क्रिकेटमधला सोबती गणिती जी. एच. हार्डी याच्यापुढे ठेवला. हार्डीने तो चार ओळींच्या बीजगणितात सोडवला आणि एवढं सोपं गणित छापावं लागतंय याबद्दल काहीसा नाराजीचा सूर लावला. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरनेही स्वतंत्रपणे तेच मांडलं होतं.

३:१ हे दोन संकर पालकांच्या संततीचं प्रमाण आहे, अख्ख्या लोकसंख्येचं नव्हे. तीच चौकट उघडून त्यातल्या प्रती मोजा. चार खणांत मिळून प्रभावी प्रती चार आणि अप्रभावी चार, म्हणजे पालकांत जेवढ्या निम्म्या-निम्म्या होत्या तेवढ्याच. निवड, स्थलांतर असं बाहेरून काही घडलं नाही, तर मोठ्या लोकसंख्येत हे प्रमाण हलत नाही. हाताला सहा बोटं असणं हा बहुधा प्रभावी गुण, पण अशी माणसं विरळा. ओ रक्तगट अप्रभावी, आणि जगात सर्वांत जास्त लोक त्याच गटाचे.

आईचा रक्तगट ए, वडिलांचा बी, माझा ओ. हे शक्य आहे का? घरात विचारायची भीती वाटते. (इयत्ता बारावी)

शक्य आहे आणि त्यात वावगं काहीच नाही. आईकडे ए-ओ, वडिलांकडे बी-ओ अशा प्रती असतील तर ओ गटाचं मूल होण्याची शक्यता चारात एक. घरात बिनधास्त विचार.

‘एबी’ गटाच्या पालकाचं ‘ओ’ मूल नेहमीच्या हिशेबात बसत नाही, पण हे वाचून कुणी असं मूल शोधायला निघण्याआधी एक सांगून ठेवतो. ए आणि बी या खुणा लाल पेशीवर थेट लागत नाहीत, ‘एच’ नावाच्या पायावर चढतात. तो पायाच बनत नसेल तर ए-बीची जनुकं शाबूत असूनही खुणा उमटत नाहीत आणि नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ असा निकाल येतो. १९५२ साली डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत हे ओळखलं, म्हणून जगभर याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. अशा व्यक्तीला साधं ओ रक्तही चालत नाही, त्याच गटाचं लागतं. शिवाय चुकीच्या नोंदीही होतात. त्यामुळे रक्तगटाच्या एका कागदावरून कुणाच्या मातृत्व-पितृत्वाचा निवाडा करू नये. आणि कृपा करून मला अहवालांचे फोटो पाठवू नका.

आम्ही दोघंही थॅलेसेमियाचे वाहक आहोत. तीन मुलं निरोगी आहेत. म्हणजे चौथ्याला आजार होणारच का? (एक पालक)

नाही. वाहकाकडे एक धड, एक मोडकी प्रत असते; दोन्ही मोडक्या मिळाल्या तरच मुलाला हा रक्ताचा आजार होतो. चारात एक ही शक्यता प्रत्येक गर्भधारणेला नव्याने लागू होते. आधीच्या तिघांचा तिला पत्ताच नसतो. नाणं तीनदा छापा पडलं म्हणून चौथ्यांदा काट्याला बांधील नसतं, तसंच. अशा जोडप्याची चारही मुलं निरोगी असण्याची शक्यता ८१/२५६, म्हणजे सुमारे ३२ टक्के असते. पण तुमच्यापुढे आता चारांचा प्रश्न नाही, एकाचाच आहे, आणि तो पुन्हा २५ टक्क्यांचा आहे. हा आकडा लहान नाही. गर्भात असतानाच तपासणी करता येते, म्हणून निर्णय घेण्याआधी जनुकीय समुपदेशकाला भेटा. तीन निरोगी मुलांपैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. त्यांची लग्नं ठरण्याआधी एचबीए-२ची, म्हणजे वाहक ओळखणारी रक्ताची, तपासणी करून ठेवा.

टक्कल आईच्या वडिलांकडून येतं हे खरं का? (वय १९)

थोडंसं खरं. टकलाशी संबंधित एक महत्त्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतं. पण अशी जनुकस्थानं शेकड्यांनी आहेत आणि बाकीची बहुतेक दोन्हींकडून येतात, तेव्हा वडिलांच्या डोक्याकडेही बघ. शिवाय आईकडे दोन एक्स असतात. त्या जनुकाची आजोबांचीच प्रत तुझ्या वाट्याला यायची शक्यता निम्मी. उरलेल्या निम्म्या वेळा ती आजीची असते, आणि आजीच्या दाट केसांवरून त्या प्रतीचा काही थांगपत्ता लागत नाही.