नवीन गटशिक्षणाधिकाऱ्याने जि. प. शाळा सुधारायला सुरुवात कुठून करावी?

ऊसतोडीला जाणाऱ्या पट्ट्यातल्या तालुक्यात तुम्ही नुकतेच रुजू झालात आणि पहिल्या वर्षी काय हाती घ्यावं, असं विचारलंय. माझं स्पष्ट मत: नवा उपक्रम काढू नका, शाळाभेट बदला. तीही केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्यांच्या हातून. सगळ्या शाळांवर तुम्ही स्वतः नीट पोचणार नाही. त्यांच्याकडे मात्र दहा-पंधराच शाळा असतात.

आज भेट म्हणजे पोषण आहाराचं रजिस्टर, हजेरी, दोन मुलांना पाढे विचारणं आणि शेरेबुकात ‘समाधानकारक’. त्याऐवजी तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्या. पुस्तकातला धडा नको, तो पाठ असतो. न पाहिलेला चार ओळींचा सोपा उतारा द्या. अडखळलं तर सुटे शब्द, तेही नाही जमले तर अक्षरं. गणितात हातच्याची एक वजाबाकी आणि एकअंकी संख्येने एक भागाकार. मुलामागे पाच-सात मिनिटं लागतात, म्हणजे पंचवीस मुलांना दोन ते तीन तास. म्हणून एका दिवशी एकच शाळा. नोंद मुलाच्या नावानिशी ठेवा, टक्केवारीत नको.

गाडी घसरते ती इथेच. हेच आकडे मासिक सभेत मागून केंद्रांची क्रमवारी लावली, की पुढच्या महिन्यात सगळी मुलं वाचायला लागलेली दिसतात. सभेत एवढंच विचारा: मागच्या भेटीत अक्षरांवर अडकलेली अमुक पाच मुलं आता कुठे आहेत?

साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने रचनावादी, म्हणजे मुलं स्वतः करून शिकतात असं काम उभं राहिलं आणि राज्यभरातून शिक्षक ते पाहायला गेले. परत येऊन अनेकांनी तिथल्यासारखी वर्गाची फरशी तेवढी रंगवली. अधिकाऱ्याने शिक्षकांसोबत वर्गात बसणं, हे उचलायचं राहून गेलं.

दोनशिक्षकी शाळेत रोज दीड तास इयत्ता विसरून पातळीनुसार गट करा. हा दीड तास बहुतेक वेळा आपलंच कार्यालय मोडतं: ‘तात्काळ माहिती भरा’, सोबत लिंक. त्या वेळेत शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकही संदेश जाणार नाही, असं लेखी काढा आणि स्वतः पाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. बाकीच्या मागण्या अडवायला त्याचा आधार घ्या.

तुमच्या तालुक्यात एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही: हंगामी वसतिगृह, म्हणजे आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मुलांची गावातच राहण्या-जेवण्याची सोय. कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि मंजुरी त्यानंतर आली तर मुलं फडावर पोचलेली असतात. ऑगस्टमध्येच शाळा व्यवस्थापन समितीला घेऊन यादी करा. ‘जाणार का?’ असं विचारलं तर उत्तर मोघम येतं. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) कोणी घेतली, ते विचारा. ज्याने घेतली तो जाणारच. घरी आजी-आजोबा राहणार आहेत का, हेही त्याच फेरीत लिहून घ्या, कारण मूल मागे राहील की नाही ते त्यावर ठरतं. प्रस्ताव सप्टेंबरात जिल्हा परिषदेकडे गेलाच पाहिजे. जी मुलं तरीही जातील त्यांना शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत दाखवून शिक्षण चालू ठेवण्यासाठीचं) द्या आणि त्यासोबत वाचनाची पातळी लिहिलेली चिठ्ठी जोडा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून योग्य गटात बसवता येईल.