वर्गातल्या मुलाला शेंगदाणे-काजूची ॲलर्जी आहे, मग माझ्या मुलाच्या डब्यात काय देऊ?

बदली होऊन सांगलीहून कुडाळला आलात, मुलगा सीनियर केजीत आहे, वर्गातल्या एका मुलाला ॲलर्जी असल्यामुळे बाईंनी डब्यात शेंगदाणे आणि काजू नको म्हणून सांगितलंय आणि तुमच्या घरी कुटाशिवाय भाजी होत नाही, असा तुमचा प्रश्न. मी अशाच एका मुलीची आई आहे. तिला काजू चालत नाही आणि आम्ही राहतो वेंगुर्ल्यात, जिथे परसात, बाजारात, पाहुण्यांच्या पिशवीत सगळीकडे काजूच. वर्गातल्या दुसऱ्याच्या मुलासाठी कुणी एवढा विचार करतं हे वाचून मला खरंच बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं पहिलं सांगणं, कुटाला पर्याय शोधत बसू नका, डब्यापुरता इथला स्वयंपाक करा. घाटावर जिथे कूट पडतं तिथे आमच्याकडे नारळ पडतो. नारळ हा वेगळ्या कुळातला. शेंगदाणे-काजूची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना तो चालतो. तरी त्या मुलाच्या आईला एकदा विचारून घ्या, कारण एखाद्याला नारळही बाधतो. विचारताना तिळाचंही विचारा. कूट बंद केलं की हात आपोआप तिळाकडे जातो आणि तिळाची ॲलर्जीही असते.

सर्वात सोपे घावणे. तांदळाचं पीठ ताकासारखं पातळ कालवायचं, चवीला मीठ, आणि बिडाचा तवा चांगला तापला की वाटीने कडेकडून ओतत आणायचं. तवा तापलेला नसला तर जाळी पडत नाही आणि घावण चिकटतो. तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कापलेला कांदा. गार झाल्यावर घडी घालून डब्यात ठेवा, सोबत गुळखोबरं. आंबोळी दुपारपर्यंत मऊ राहते, भाकरी द्यायची तर उकड काढून केलेली द्या, नाहीतर छोट्या मुलांना चावत नाही. भोपळ्याचे घारगे, नाचणीची गोड भाकरी, तांदळाची उकड हे सगळं चालतं. वांगी किंवा दोडक्याची भाजी घट्ट करायची असेल तर सुकं खोबरं आणि कांदा भाजून त्याचं वाटण घाला, नाहीतर चमचाभर बेसन भाजून लावा.

साबुदाण्याची खिचडी मात्र डब्यातून सरळ काढून टाका. कूट आहे म्हणून ती मोकळी होते. खोबरं घालून केली की जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचा गोळा होतो, आणि मूल तो तसाच परत आणतं.

नारळाची एक अडचण तुम्हाला नवी असेल. इथल्या दमट हवेत, त्यातून ऑक्टोबरच्या उन्हात, सकाळी केलेली ओल्या खोबऱ्याची चटणी दुपारी आंबलेली निघते. सकाळचा डबा अकराला खात असतील तर ठीक, त्याहून उशीर होत असेल तर चटणी देऊ नका. भाजीतलं ओलं खोबरंही वरून न पेरता फोडणीत परतून घ्या आणि वाफ गेल्याशिवाय डबा बंद करू नका. सुक्या खोबऱ्याची लसूण चटणी चांगली टिकते. ती घरीच करा, कारण विकतच्या चटणीत बऱ्याचदा शेंगदाणे असतात.

आता मिक्सर. तुमच्या घरी रोज कूट होतं म्हणून मुद्दाम सांगते. भांडं कितीही घासलं तरी पात्याखाली आणि झाकणाच्या रबराच्या खाचेत कूट बसलेलं असतं. रबर काढून बघा, ओला पिवळसर चिकटा दिसेल. डब्याच्या वाटणासाठी एक छोटं भांडं वेगळं ठेवलंत तर काळजीच नको. तेलाचंही तसंच. रिफाइंड शेंगदाणा तेलातून प्रथिनं बरीचशी निघून गेलेली असतात, पण सांगलीहून आणलेल्या लाकडी घाण्याच्या तेलात ती राहतात, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनांची. डब्याचं दुसऱ्या तेलात करा.

शेंगदाणा चटकन सापडतो, काजू लपून बसतो. शिऱ्यात, मसालेभातात, अळूच्या फदफद्यात, कुयरीच्या म्हणजे कोवळ्या फणसाच्या भाजीत, नानकटाईच्या पिठात. मार्च-एप्रिलमध्ये ओले काजूगर आले की लोक ते पोह्यांतसुद्धा घालतात, आणि शिजलेला काजूगर लहान मुलाला बटाट्याच्या फोडीसारखा वाटतो. पिस्ता तर काजूचा अगदी जवळचा नातलग. ज्याला काजू बाधतो त्याला बहुधा पिस्ताही बाधतो, म्हणून पिस्त्याची मिठाई आणि बिस्किटंही नकोत. आंबाही त्याच कुळातला, पण काजू बाधणाऱ्या बहुतेक मुलांना पिकलेला आंबा चालतो. माझी मुलगी डॉक्टरांना विचारून हापूस खाते, मनसोक्त खाते.

पाकिटावर ‘कंटेन्स’ अशी ओळ असते ती वाचायची सवय लावा. २०२० च्या लेबलच्या नियमांप्रमाणे शेंगदाणे आणि काजू-बदामासारखे पदार्थ तिथे लिहावेच लागतात. घरगुती लाडू, खाजा, चणे-फुटाणे सुटे घ्याल तिथे अशी ओळ नसते. फुटाणे आणि शेंगदाणे दुकानात शेजारी शेजारी असतात आणि माप एकच दोन्हीत फिरतं. जत्रेतल्या खाजाचंही तेच, त्याच ठेल्यावर शेंगदाण्याचे लाडूही असतात. असले पदार्थ घरी खुशाल खा, डब्यात नको. आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा शेंगदाणा, काजू किंवा फुटाणा कुठेच देऊ नका, तो श्वासनळीत अडकतो. हे ॲलर्जी नसलेल्या मुलांनाही लागू आहे.

घरी तुमच्या मुलाचे शेंगदाणे मात्र बंद करू नका. त्याला चालत असतील तर तो खाऊ दे. लंडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात (२०१५) असं दिसलं की ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता त्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, तर पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. फक्त सकाळी शेंगदाण्याची चटणी खाऊन शाळेत जाणार असेल तर हात-तोंड साबणाने धुऊन पाठवा. नुसतं सॅनिटायझर लावून ते जात नाही.

डबा वाटून खाऊ नकोस असं या वयाच्या मुलांना सांगणं मला स्वतःला जड जातं. अंगतपंगत ही किती आनंदाची गोष्ट! पण तुमच्या मुलाला एवढं समजतं: “त्याला माझ्या डब्यातलं द्यायचं नाही, त्याच्या पोटाला ते चालत नाही.” त्या मुलाला एकटं बसवू नका असं बाईंना जरूर सांगा. शेजारी खाल्लेल्या शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने सहसा काही होत नाही, पोटात गेलं तर होतं.

एक गोष्ट वर्गातल्या प्रत्येक आईला माहीत असावी असं मला फार वाटतं. आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की आमसूल भिजवून चोळतात. माझ्या मुलीला काजूगराची उसळ खाल्ल्यावर ओठ सुजले तेव्हा शेजारच्या काकू मायेने आमसुलाची वाटी घेऊनच धावल्या होत्या. पण खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, खोकला थांबेना, उलट्या झाल्या किंवा मूल एकदम मलूल झालं, तर वाट बघायची नाही, लगेच १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने जवळचा दवाखाना. तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात, मुलीला त्यानेच उतार पडला. गोळी किंवा सिरपने गांधी बसतात, श्वास मोकळा होत नाही. गाडी येईपर्यंत मुलाला चालवू नका, आडवं ठेवा, श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसवा.

राहिला वाढदिवस आणि दसऱ्याचं सरस्वतीपूजन. डबा आपल्या हातात असतो, प्रसाद आणि चॉकलेटं नसतात. पंचखाद्यात बऱ्याचदा काजू-बदाम घालतात, संक्रांतीच्या तिळगुळात कूट असतं. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला काय वाटणार ते आदल्या दिवशी त्या मुलाच्या आईला कळवा, पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात तर उत्तमच. नाहीतर केळी वाटा. मला असा फोन करणाऱ्या आया अजून मोजक्याच आहेत, आणि तो आला की त्या दिवशी मी मुलीला निर्धास्त शाळेत पाठवते.